पी ढबाक गाडी

आमची बॅटरीवरची गाडी उतारावर सोडून दिली की लोण्यासारखी पळायची, आणि पेडल दाबलं की तिच्या अंगात यायचं. आधी पायाखालचा पत्रा थरथरायचा, मग सीट, मग दारं, मग आत बसलेल्याचे दात. पेडलवरून पाय काढला की सगळं शांत. पुन्हा पाय ठेवला की पुन्हा घुमायला लागली. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. मी पंचविशीतला, लेथवर लोखंड कातणारा, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आषाढ निम्मा सरला होता. तो संपायच्या आत ही थरथर गेली नाही तर आमच्या आईच्या हातचं पाणी त्या वर्षी टेंबलाईला पोचणार नव्हतं, आणि ते पोचवायचं म्हणूनच तर ही गाडी बांधली होती.

पाण्याचं आधी सांगतो, कारण कोल्हापूरच्या बाहेर गेलं की हे कुणाला माहीत नसतं आणि मग माझी चिडचिड होते. आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की गल्लीगल्लीतल्या बायका ते कळशीत भरून घेतात आणि वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर नेऊन देवीच्या पायरीवर ओततात. मंगळवार आणि शुक्रवार हे त्याचे वार. पुढे वाजंत्री असते. एक जण 'पी' करून लांब सूर धरतो आणि ढोलवाला मागून 'ढबाक' करतो, म्हणून त्या वाजवण्यालाच आमच्याकडे पी ढबाक म्हणतात. ते कानावर आलं की कोल्हापुरी माणसाचे पाय जागेवर राहत नाहीत. माझे तर या वयातही राहत नाहीत.

आई लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून एकही आषाढ तिनं चुकवला नव्हता. कळशी डोक्यावर, पाय अनवाणी, आणि एक थेंब सांडायचा नाही हा तिचा स्वतःचा नियम. सांडलं तर देवी घेत नाही असं ती म्हणायची. हे तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे, बाकीच्या बायका तर निम्मी कळशी वाटेतच सांडत नाचत जायच्या. पण आई ती आई. मग तिला दमा जडला. आदल्या वर्षी टेकडीचा चढ लागला आणि ती रस्त्याच्या कडेला बसली ती उठेचना. शेजारणीनं कळशी आपल्या डोक्यावर घेतली आणि देवीला पोचवली. आई घरी आली, न्हाणीत गेली, आतून कडी लावली आणि रडली. मी तिला त्याआधी कधी रडताना ऐकलं नव्हतं. दाराबाहेर मी टॉवेल घेऊन उभा होतो.

रिक्षातून नेऊ म्हणावं, तर रिक्षाच्या धुरानं तिला जी ढास लागायची ती लागायची. टॅक्सीचंही तेच. पेट्रोलचा वास आला तरी ती पदर नाकाला लावायची. म्हणून एक दिवस आमचे दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, म्हणाले, "पावणं, बिनधुराची गाडी करूया की."

दाजी मला कायम पावणं म्हणायचे. बहिणीचं लग्न होऊन कितीतरी वर्षं लोटली होती, उद्यमनगरातल्या एकाच शेडमध्ये आम्ही दोघं रोज घाम गाळत होतो, तरी मी त्यांचा पावणाच. शेडच्या एका अंगाला माझा लेथ, दुसऱ्या अंगाला त्यांचं मोटारी रिवाइंडिंगचं टेबल. करार साधा होता. लोखंड माझं, वीज त्यांची. एकमेकांच्या कामात बोट घालायचं नाही. अर्थात आम्ही दोघंही दिवसभर तेच करायचो.

गाडीचा सांगाडा मिळाला एका वकिलांच्या परसात. जुनी, बुटकी, विलायती गाडी, इंजिन कधीच कुणीतरी काढून नेलेलं, आत कोंबडी अंडी घालायची. मोटार मिळाली कबनूरला. तिथल्या एका कापड कारखान्यात सुताची बिमं, म्हणजे सूत गुंडाळलेले मोठे रूळ, इकडून तिकडं नेणारी बॅटरीवरची ट्रॉली होती, ती मोडीत निघाली आणि दाजींनी तिची मोटार उचलून आणली. ती त्यांनी उघडली, तारा नव्यानं गुंडाळल्या, आणि लहान बाळाला न्हाऊ घालून पावडर लावावी तशी सजवून माझ्यापुढे ठेवली. बॅटऱ्या मागच्या सीटच्या जागी बसवल्या. मोटार पुढे, जिथं इंजिन असायचं तिथं. मोटारीचं फिरणं मागच्या चाकांपर्यंत न्यायला मधून एक लांब दांडा, त्याला शाफ्ट म्हणतात, आणि त्याच्या दोन्ही टोकांना मनगटासारखे वळणारे सांधे. तो शाफ्ट मी केला. लेथवर दोन्ही टोकांना धरून फिरवला तेव्हा तो हलतोय की थांबलाय हे कळत नव्हतं, इतका सरळ.

राहता राहिला एक बारका प्रश्न. मोटार लोखंडी चौकटीवर नुसती आवळली तर तिची गुणगुण सगळ्या गाडीभर घुमते. मधे काहीतरी मऊ पाहिजे, पण चिवट. आता कोल्हापुरात मऊ पण चिवट म्हटलं की माणसाला दुसरं काय सुचणार? दाजींनी आणि मी एकाच वेळी एकमेकांच्या पायांकडे बघितलं. दोघांच्याही पायांत कापशी चपला करकरत होत्या. त्याच दुपारी आम्ही चप्पल लाइनला दाजींच्या ओळखीच्या एका कारागिराकडे गेलो आणि तळव्याचं जाड कातडं मागितलं, एकावर एक थर शिवून.

"मापाला पाय कुणाचा हाय?" त्यानं विचारलं.

"हत्तीचा," दाजी म्हणाले.

त्यानं पुढं काही विचारलं नाही. असे चक्रम त्यानं बरेच बघितले असतील. जाड, तेल पाजलेले, पक्क्या शिवणीचे चार गठ्ठे त्यानं करून दिले, आणि मोटारीच्या चार पायांखाली ते असे बसले की आम्ही दोघं बाजूला उभं राहून नुसते बघत होतो. अस्सल कोल्हापुरी मोटार झाली म्हणून मी दाजींना टाळी दिली.

वैशाखात गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली. काय सांगू, आवाजच नाही. धूर नाही, वास नाही, नुसता बारीक सूर. मला इतका आनंद झाला होता की मी शेडपासून रंकाळ्यापर्यंत मोठ्यानं गात गेलो आणि लोक गाडीऐवजी माझ्याकडेच बघत होते. आईला शेजारी बसवून रंकाळ्याला चक्कर मारून आणली. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती, जणू कळशी आत्ताच धरली आहे. शेडवर परत आल्यावर तिनं दाराच्या पत्र्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ही गाडी न्हाय, पाळणा हाय की रं."

दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, शेजारच्या लोखंड ओतायच्या भट्टीचा धूर गेला.

ज्येष्ठ संपता संपता पावसानं जोर धरला, आणि त्या पाळण्याच्या अंगात यायला लागलं.

पहिले दोन दिवस आम्ही मानलंच नाही. रस्ता वाईट आहे म्हणालो. रस्ता वाईट होताच, पण तो वैशाखातही वाईटच होता. मग मी म्हणालो, मोटार बिघडली. दाजी म्हणाले, शाफ्ट वाकडा आहे. मी म्हणालो, माझा शाफ्ट वाकडा म्हणणाऱ्याचे डोळे तिरळे. दाजी म्हणाले, "अहो पावणं, मोटारीचा आवाज ऐका, काय सुतासारखी सरळ चालतीया." बहीण डबा घेऊन आली होती, तिनं तो आमच्या दोघांच्या मध्ये आपटला आणि भांडण जेवणापुरतं थांबलं.

पण भांडत भांडत का होईना, आम्ही शोधत होतो. आधी चाकं. चाकांचा तोल गेला असेल तर गाडी थरथरते हे खरं, पण मग ती उतारावर पाय काढून सोडली तरी थरथरायला पाहिजे. मी टाउन हॉलच्या बाजूच्या उतारावर गाडी जोरात सोडली, पाय पेडलच्या वर अधांतरी धरला. लोणी. त्याच वेगाला पेडल दाबलं की लगेच घुमायला सुरुवात. म्हणजे चाकं निर्दोष. मग दाजींनी मोटार खाली उतरवली, उघडली, आतले कार्बनचे तुकडे बदलले, टेबलावर आवळून फिरवली. तिच्यावर पाण्याचा पेला ठेवला, तर पाण्यावर तरंग नाही. म्हणजे मोटारही निर्दोष. मग मी शाफ्ट काढला, लेथवर धरून फिरवला, मापाच्या डायलची सुई लावून बघितला. सुई मेल्यासारखी पडून होती. तोही निर्दोष. एकेकटे सगळे संतसज्जन, आणि गाडीत बसवले की दंगा. मला इतका संताप आला की मी शेडच्या पत्र्यावर पान्हा फेकून मारला, आणि पत्र्याला भोक पडून त्यातून पाऊस माझ्याच लेथवर गळायला लागला.

उद्यमनगर म्हणजे कानाचं गाव. लोखंडाच्या आवाजावरून कुणाच्या शेडमध्ये काय बिघडलंय ते तिथं कळतं. आमची गाडी रोज पाण्याचा फवारा उडवत, किंचाळत, आदळत चहाच्या गाड्यापुढनं जायला लागली तेव्हा तिचं बारसं व्हायला वेळ लागला नाही. शेजारचा फौंड्रीवाला, राक्षसासारखा मोठा आणि तसाच मोठ्यानं बोलणारा माणूस, बाकावरून ओरडला, "आली बघा पी ढबाक." सगळं बाक हसलं. त्या दिवसापासून गाडीला तेच नाव. मी गेलो की लोक हात वर करून ढोल बडवल्यासारखं करायचे. मी खाली उतरून दोघातिघांशी भांडलोही, पण कोल्हापुरात थट्टेवर चिडणं म्हणजे आगीत तेल. चिडलो तसं नाव पक्कं झालं.

आषाढाचे मंगळवार-शुक्रवार एकेक करत जायला लागले.  आईची कळशी घासून, चिंचेनं लख्ख करून, देवघरापाशी पालथी घालून ठेवलेली होती. शेवटी एका सकाळी तीच म्हणाली, चल, बघूया तरी. कळशी गळ्यापर्यंत भरून ती माझ्या शेजारी बसली. दाजी दाराशी उभे. मी जमेल तितक्या हळू पेडल दाबलं. गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत गेली असेल नसेल, कळशीतलं पाणी उसळायला लागलं आणि आईच्या मांडीवर सांडलं. लुगडं भिजलं. मी थांबलो.

"राहू दे," आई म्हणाली. "यंदा तुझ्या ताईकडं देतो मी कळशी. ती न्हील."

आमच्याकडे बायकासुद्धा 'देतो', 'जातो' म्हणतात, तशी ती नेहमीच बोलायची. पण त्या 'देतो' मध्ये नेहमीचा जोर नव्हता. ती उतरली, घरात गेली आणि कळशी पुन्हा पालथी घालून ठेवली. आता शेवटचाच शुक्रवार उरला होता. मी गाडीत तसाच बसून राहिलो. बाप गेला तेव्हासुद्धा मला इतकं हरल्यासारखं वाटलं नव्हतं, हे लिहायला बरं वाटत नाही पण खरं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाच्या गाड्यावर एकटाच उभा होतो. फौंड्रीवाला आला. मी तोंड फिरवलं. त्याला काय माहीत माझं काय जळतंय, तो आपला नव्या गिऱ्हाइकाला आमच्या गाडीची नक्कल करून दाखवायला लागला. तोंडानं 'पी' करून लांब सूर काढला आणि बाकावर हाताचा गुद्दा हाणत म्हणाला, "ढ-बाक. ढ-बाक. ढ-बाक."

दोन गुद्दे. एका वेळी दोन.

माझ्या हातातला पेला तसाच राहिला. पी म्हणजे मोटारीचा सूर, तो एकसारखा. पण खालचा दणका एकेक नाही, जोडीनं येतोय. हे लोक इतके दिवस मला ओरडून सांगत होते आणि मी त्यांच्याशी भांडत होतो. एखादी फिरणारी वस्तू एका बाजूला जड असली तर एका फेऱ्यात एकदा दणका देते. दोनदा दणका कोण देतं? वाकडा फिरणारा सांधा देतो. मनगट सरळ असलं की हात सुखानं फिरतो, पण शाफ्टचा सांधा वाकून फिरला की प्रत्येक फेऱ्यात दोनदा हिसका मारतो. हे मला माहीत होतं. लेथवर काम करणाऱ्या कुठल्याही माणसाला माहीत असतं. मी फौंड्रीवाल्याला मिठी मारली. तो घाबरला.

"काय झालं रं? बरा हायस न्हवं?"

"पुन्हा कर," मी म्हणालो. "ढबाक पुन्हा कर."

शेडपर्यंत मी चिखलातून पळत गेलो. दाजी टेबलावर तार गुंडाळत होते. गाडीची मागची बाजू उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवूया, हँडब्रेक अर्धा ओढूया, म्हणजे चाकांना ओझं वाटेल, आणि अगदी सावकाश पेडल दाबा, मी खाली झोपून शाफ्टकडे बघतो, असं मी एका दमात सांगितलं.

"ब्रेक वढून मोटार चालवायची? जळंल की माझी मोटार."

"जळू दे."

"तुमच्या बाचं काय जातंय, पावणं?"

"दाजी, ढबाक जोडीनं येतंय. सांध्यातनं येतंय."

 दाजींनी हातातली तार खाली ठेवली. वीज त्यांची आणि लोखंड माझं होतं, पण हे त्यांनाही तिथल्या तिथं पटलं. फक्त म्हणाले, वास आला की मी पाय काढणार.

मी शाफ्टवर खडूनं एक पांढरी रेघ मारली आणि पोतं अंथरून गाडीखाली शिरलो. दाजींनी पेडल दाबलं. शाफ्ट ओझ्याखाली कण्हत सावकाश फिरायला लागला. रेघ वर आली, ढ. रेघ खाली गेली, बाक. वर, ढ. खाली, बाक. मी गाडीखालून ओरडलो, "दोनदा! दाजी, दोनदा!" पण सांधा सरळ बसवलेला होता, मीच बसवला होता, तो वाकडा झाला कसा? मी मान वळवून पुढे बघितलं.

मोटार उठत होती. दाजी पेडल दाबत होते तशी ती एखाद्या नाठाळ बैलानं जुवाखालून मान वर काढावी तशी एका अंगानं वर येत होती, आणि त्यांनी पाय काढला की पुन्हा खाली बसत होती. ती वर आली की सांधा वाकतोय, खाली बसली की सरळ. म्हणून पेडल दाबलं की थरथर आणि सोडलं की लोणी. म्हणून टेबलावर मोटार शहाणी आणि लेथवर शाफ्ट शहाणा. कुणीच खोटं बोलत नव्हतं. मी सरपटत पुढे गेलो आणि मोटारीच्या पायाखालचं कातडं चाचपलं.

बोट आत रुतलं. वैशाखात दगडासारखा असलेला तो गठ्ठा रस्त्यावरचं पाणी पिऊन पिऊन फुगला होता आणि लापशीसारखा मऊ झाला होता.

मी हसायला लागलो. गाडीखाली, चिखलात, पोत्यावर पडून मी असा हसत होतो की दाजींना वाटलं मला शॉक बसला. त्यांनी माझे पाय धरून मला बाहेर ओढलं.

"दाजी," मी म्हणालो, "आपल्या पायांकडं बघा."

त्यांनी बघितलं. त्यांच्या पायांत रबरी स्लिपर होत्या. माझ्याही. आमच्या दोघांच्याही करकरणाऱ्या चपला पाऊस लागल्या दिवशीच तेल लावून, कागदात गुंडाळून माळ्यावर गेल्या होत्या. कोल्हापुरात शेंबडं पोरसुद्धा पावसाळ्यात कातड्याचं पायतान घालत नाही. आणि आम्ही दोन शहाण्यांनी आमच्या लाडक्या मोटारीच्या चारी पायांत ते घालून तिला आषाढात रस्त्यावर सोडलं होतं. दाजी मटकन ठोकळ्यावर बसले आणि मग तेही हसायला लागले.

चप्पल लाइनच्या त्या कारागिरापुढे आम्ही गठ्ठे टाकले. त्यानं एक हातात घेऊन पिळला. पाणी गळलं.

"हत्तीला पावसात हिंडवलं जणू," तो म्हणाला.

"आता काय घालायचं?"

"पावसाळ्यात लोक काय घालत्यात?" त्यानं कोपऱ्यात बोट दाखवलं. शेतावर, चिखलात घालायच्या जाड पायतानांसाठी ट्रकच्या टायरचे तुकडे तिथं रचून ठेवले होते. त्यानं त्यांतला सगळ्यात जाड काढला आणि रापीनं मापात कापून दिला. या वेळी मी शहाणा झालो होतो. मोटारीच्या प्रत्येक पायाला खाली एक तुकडा आणि वरूनही एक, मधून आरपार बोल्ट. म्हणजे बैलानं मान खाली घातली काय नि वर काढली काय, जू जागचं हलणार नाही. लेथवर मोठे वायसर, म्हणजे लोखंडी चकत्या, कातून काढले, बोल्ट आवळले, गाडी ठोकळ्यांवरून उतरवली आणि चहाच्या गाड्यापुढनं नेली. पेडल तळापर्यंत दाबलं. पी वाजली. ढबाक नाही. बाकावरची माणसं ऐकत राहिली, आणि फौंड्रीवाला खरोखर नाराज झाला.

"ढोल कुठं गेला रं?" त्यानं विचारलं.

घरी जाऊन आईला सगळं सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. ती एवढंच म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." मग पिठाचे हात धुतले, देवघरापाशी गेली आणि कळशी उलटी होती ती सुलटी केली.

शुक्रवारी गल्लीतल्या बायका घाटावर गेल्या. आई नदीपर्यंत गाडीतून आली, पायऱ्या माझ्या हाताला धरून उतरली आणि कळशी स्वतः बुडवली. गळ्यापर्यंत भर म्हटलं तर तिनं काठापर्यंत भरली. मी म्हणालो, आई, थोडं कमी. ती म्हणाली, गप्प. वाजंत्री सुरू झाली, पी आणि ढबाक, पी आणि ढबाक, बायका नाचायला लागल्या आणि त्या सगळ्यांच्या मागून आमची बिनआवाजाची गाडी. बॅटऱ्यांमुळे मागे जागा नव्हती, म्हणून दाजी छत्री घेऊन गाडीच्या बाजूनं चालत होते, एक कान मोटारीकडे. वाटेत एका हवालदारानं अडवलं. पुढचं झाकण उघडायला लावलं.

"इंजिन कुठं हाय?"

"न्हाय," मी म्हणालो.

"मग चालतीया कशी?"

"टेंबलाईच्या कृपेनं," आई आतून म्हणाली. त्यानं कळशी बघितली, हात जोडले आणि आम्हाला सोडलं.

टेकडीचा चढ आला. बायका पुढे गेल्या. आदल्या वर्षी आई जिथं बसली होती तो दगड डाव्या हाताला आला आणि तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. आता पेडल दाबल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी दाबलं. गाडी चढायला लागली आणि मी रस्ता सोडून कळशीकडेच बघत होतो. काठाशी टेकलेल्या त्या पाण्यावर बारीक बारीक तरंग उठत होते. कडेपासून मध्यापर्यंत, एकामागून एक.  थरथर आली. आली परत. मी घाईनं पेडलवरून पाय काढला, आमची तीच जुनी परीक्षा, पाय काढला आणि थांबलं तर दोष गाडीचा. गाडी मंदावली, जवळजवळ उभी राहिली. तरंग तसेच उठत होते.

मी आईकडे बघितलं.

"गाडी न्हाय रं," ती हळू म्हणाली. "माझं हात हायत ते."

मग मला ते दिसले. कळशीच्या गळ्याभोवती घट्ट धरलेले, शिरा वर आलेले, बारीक थरथरणारे. किती दिवस थरथरत होते कुणास ठाऊक. मी आठवडेच्या आठवडे थरथर शोधत होतो आणि ही माझ्या घरात, माझ्या शेजारी बसून जेवत होती.  पान्हा घेऊन मी जन्मात हिच्यापुढे काही करू शकणार नव्हतो.

"चल की," आई म्हणाली. "सांडत न्हाय."

मी पेडल दाबलं. खरंच नाही सांडलं. वरती पोचलो, देवळाच्या पायऱ्यांपर्यंत ती माझ्या दंडाला धरून चालली, पण कळशी माझ्या हातात दिली नाही. काठापर्यंत भरलेली कळशी तिनं पायरीवर स्वतःच्या हातानं उलटी केली, सगळी, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि वाकून ओल्या पायरीला हात लावून तो डोळ्यांना लावला. दाजी तोवर धापा टाकत चढून आले होते. आईनं त्यांच्याकडे बघितलं आणि जावयाच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिला वरच्यावर धरलं आणि तोंड फिरवून छत्री मिटायला लागले.

उतरून सपाट रस्त्याला लागलो तेव्हा पाऊस थांबला होता. दाजी अजून मागेच होते. आईनं रिकामी कळशी पायाशी आडवी ठेवली, पदर खोचला, सीटला पाठ टेकली आणि पुढे हात केला.

"आता कळशी रिकामी हाय," ती म्हणाली. "पळीव की जरा."

मी पेडल तळापर्यंत दाबलं. आई खिडकीतून तोंड बाहेर काढून हसत होती, आणि मागून छत्री हलवत दाजी ओरडत येत होते, "पावणं, मोटार जळंल की."